दाद आणि भरपाई : आयर्लंडच्या काही सरकारी कागदांचं वाचन



आजचा विषय आयर्लंडचा आहे, पण सुरुवात आपण एका मराठी शब्दापासून करू या. शब्द आहे 'दाद'. आपण म्हणतो, त्याने कोर्टात दाद मागितली. म्हणतो, बिचारीला कुठेच दाद लागली नाही. आणि गाण्याच्या बैठकीत गवयाने एखादी जागा सुरेख घेतली की तिथेही आपण दादच देतो. शब्द फारसीतून आलेला, मूळ अर्थ न्याय. पण मराठीत आल्यावर त्याला ही दुसरी छटा चिकटली, आणि आम्हाला वाटतं ती उगाच चिकटलेली नाही. दोन्हीकडे समोर कुणीतरी ऐकणारं लागतं. गवयाला बिदागीचं पाकीट मिळालं तरी समोरच्या माणसाची मान हलली नसेल, तर तो घरी जाऊन काय सांगेल? पैसे मिळाले, दाद नाही मिळाली.

आता दुसरा शब्द घ्या, 'भरपाई'. जुन्या पावत्यांवर 'रक्कम भरून पावलो' असं लिहून खाली सही किंवा अंगठा असायचा. म्हणजे हिशोब मिटला, आता आपलं एकमेकांकडे काही निघत नाही. आणि हेच शब्द वैतागलेला माणूस हात जोडून उच्चारतो : भरून पावलो!

आजच्या व्याख्यानातलं आमचं म्हणणं एवढंच आहे. चर्चच्या संस्थांमध्ये लहानपण किंवा तरुणपण होरपळलेले हजारो आयरिश लोक गेली पंचवीस वर्षं दाद मागत आहेत, आणि सरकार त्यांना भरपाई देतं आहे. या दोन गोष्टी एक नव्हेत. त्या एकच आहेत असं भासवण्यासाठी जी भाषा वापरली गेली, ती आपल्याला तपासायची आहे.

म्हणजे ही समीक्षा आहे, पण कथा-कादंबरीची नाही. आम्ही माफीनामा, कायदा, गुणांचा तक्ता आणि चौकशी अहवाल वाचले. कविता वाचताना आपण जे प्रश्न विचारतो तेच इथेही विचारले. वाक्याचा कर्ता कोण? कुणाचं नाव आहे, कुणाचं गाळलंय? कोणता शब्द येता येता राहिला?

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. आयर्लंडमध्ये 'इंडस्ट्रियल स्कूल' नावाच्या संस्था एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी अमलात सुरू झाल्या. १९२२ मध्ये देश स्वतंत्र झाला तरी १९०८ चा इंग्रजांचा बालकायदा चालूच राहिला आणि त्याच्या आधारे मुलं या संस्थांत जात राहिली. संस्था चालवायचे कॅथलिक संघ : मुलग्यांच्या अनेक मोठ्या शाळा 'ख्रिश्चन ब्रदर्स'कडे, मुलींच्या बऱ्याचशा 'सिस्टर्स ऑफ मर्सी'कडे. नाव शाळेचं, पण मूल तिथे जायचं कोर्टाच्या हुकमाने, आणि वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत तिथेच राहायचं. गुन्हा केलेली मुलं त्यांत थोडी. बहुतेकांचा गुन्हा म्हणजे गरिबी. आई वारली, बाप कामासाठी इंग्लंडला गेला, आई अविवाहित होती, मूल शाळेत जात नव्हतं. कोर्टाच्या कागदावर याला नाव असायचं 'योग्य पालकत्वाचा अभाव'. आणि सरकार संस्थेला डोईमागे अनुदान द्यायचं. जितकी मुलं तितके पैसे. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७० च्या केनेडी अहवालाने ही व्यवस्था मोडीत काढायला सांगितलं. डब्लिनची आर्टेन शाळा १९६९ मध्ये बंद झाली होती, कॉनमारातली लेटरफ्रॅक १९७४ मध्ये झाली. शाळा बंद झाल्या, पण आत काय झालं ते बाहेर यायला आणखी पंचवीस वर्षं गेली. १९८० च्या दशकात काही जणांनी आत्मकथनं लिहिली. १९९६ मध्ये गोल्डनब्रिज अनाथालयावरचा माहितीपट आला. आणि १९९९ मध्ये मेरी राफ्टरी या पत्रकार बाईंची 'स्टेट्स ऑफ फिअर' ही तीन भागांची मालिका राष्ट्रीय वाहिनीवर लागली. देश हादरला. त्याच धगीत, ११ मे १९९९ रोजी, पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी सरकारच्या आणि सर्व नागरिकांच्या वतीने माफी मागितली.

हा आपला पहिला कागद.

माफी मनापासूनची होती, यात आम्हाला शंका नाही. ऐकताना कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. पण त्यातली क्रियापदं बघा. माफी कशाची? तर सामूहिक अपयशाची : आम्ही मध्ये पडलो नाही, तुमची वेदना ओळखली नाही, तुम्हाला सोडवायला आलो नाही. तिन्ही क्रियापदं बाहेर उभ्या असलेल्या माणसाची आहेत. शेजारच्या घरात काही तरी चाललं होतं आणि आम्हाला कळलं नाही, अशा सुराची.

पण सरकार शेजारी होतं का हो? मुलाला आत पाठवणाऱ्या हुकमावर न्यायाधीशाची सही होती. डोईमागचे पैसे सरकारी तिजोरीतून जात होते. तपासणीला शिक्षण खात्याचे निरीक्षक जात होते. म्हणजे सरकार दारातच उभं होतं, आणि दाराची कडी त्यानेच लावली होती. 'आम्ही सोडवायला आलो नाही' आणि 'आम्ही तुम्हाला तिथे पाठवलं' या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, तेच पुढच्या सगळ्या कागदांत वाढत गेलेलं दिसतं.

दुसरा कागद २००२ चा, भरपाईचा कायदा. त्याने एक मंडळ नेमलं. मंडळापुढे यायचं, आपण त्या संस्थेत होतो आणि आपल्याला इजा झाली हे दाखवायचं, मग मंडळ रक्कम ठरवणार. रक्कम ठरवायला शंभर गुणांचा तक्ता होता. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत बोलका मजकूर आहे, म्हणून इथे जरा थांबू.

शंभरातले २५ गुण अत्याचार किती गंभीर होता याला. ३० गुण वैद्यकीय तपासणीत सिद्ध झालेल्या शारीरिक किंवा मानसिक आजाराला. ३० गुण मन आणि नाती यांवर झालेल्या परिणामांना. उरलेले १५ हुकलेल्या संधींना, म्हणजे शिक्षण, नोकरी वगैरे. एकूण गुण पंचविसाच्या आत असतील तर ५० हजार युरोपर्यंत रक्कम. सत्तर आणि त्यापुढे असतील तर दोन ते तीन लाख.

गणित लक्षात येतंय? तुमच्यावर काय केलं गेलं याला पाव हिस्सा, आणि तुम्ही किती मोडलात याला पाऊण. आता दोन भाऊ डोळ्यांसमोर आणा, एकाच शाळेतले, एकाच माणसाच्या हातचा मार खाल्लेले. एक पुढे दारूत बुडाला. दुसऱ्याने दातओठ खाऊन संसार उभा केला, मुलं शिकवली, रात्री झोप लागत नाही हे कुणाला कळू दिलं नाही. तक्त्याप्रमाणे पहिल्याचा अत्याचार महाग, दुसऱ्याचा स्वस्त. दुसऱ्याला जास्त रक्कम हवी असेल तर त्याने आयुष्यभर झाकून ठेवलेली पडझड डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह उघडी करून दाखवायची.

कुणी म्हणेल, अपघाताच्या खटल्यातही असंच मोजतात, हात गेला की पाय गेला ते बघतात. बरोबर आहे. नुकसानीच्या कायद्याचं ते तर्कशास्त्रच आहे. पण मंडळाकडे आलेला माणूस अपघाताचा विमा वसूल करायला आला नव्हता. 'माझ्यावर हे झालं, आणि ते चूक होतं' एवढं त्याला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. नेमकं तेच वाक्य म्हणायला मंडळाला कायद्याने मनाई होती. दोष कुणाचा, हा प्रश्न मंडळाच्या कक्षेतच नव्हता. पैसे मिळत, पण कुणी दोषी आहे असं ते पैसे म्हणत नसत.

आता पावतीकडे या. रक्कम देऊ केल्यावर महिनाभरात ठरवायचं, घ्यायची की नाही. घेतली तर लिहून द्यायचं की याच बाबतीत सरकारवर किंवा संघावर पुन्हा दावा करणार नाही. भरून पावलो. एवढ्यावरही थांबले नाहीत. आपल्या अर्जाची किंवा मिळालेल्या रकमेची माहिती ओळख पटेल अशा रीतीने प्रसिद्ध करणं हा कायद्याने गुन्हा ठरवला. शिक्षा २५ हजार युरोपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद. लहानपणी ज्यांना 'बाहेर बोललास तर बघ' असं धमकावलेलं होतं, त्यांना म्हातारपणी सरकारने हेच सांगितलं, फक्त कलम घालून. घरच्यांशीही बोलायचं नाही, असाच याचा अर्थ कित्येकांनी घेतला आणि खरोखरच बोलले नाहीत.

पंधरा हजारांहून जास्त लोकांना या मंडळाकडून पैसे मिळाले, सरासरी सुमारे ६२ हजार युरो. पंधरा हजार साक्षी! एखाद्या देशाच्या बालपणाचा केवढा मोठा दस्तऐवज झाला असता. तो बंद दाराआड सांगितला गेला आणि तिथेच राहिला.

याच वर्षी आणखी एक करार झाला. कॅथलिक संघांनी मिळून १२.८ कोटी युरो द्यायचे, काही रोख, काही जमिनी-इमारती, काही समुपदेशनाच्या रूपात. बदल्यात पुढचे दावे सरकारने अंगावर घ्यायचे. चौकशी आणि भरपाई मिळून एकूण खर्च पुढे दीड अब्ज युरोच्या घरात गेला. २००९ नंतर संघांनी जास्तीचं देऊ केलं, पण मोठा बोजा करदात्यांवरच राहिला. आम्हाला आकड्यापेक्षा या कराराचा आकार बोलका वाटतो. संघांना अभय मिळालं, सरकारला पावती मिळाली आणि तिसऱ्याला गप्प राहण्याची अट मिळाली. तो तिसरा माणूस करार ठरताना खोलीत नव्हता.

तिसरा कागद म्हणजे २००९ चा रायन अहवाल, आणि इथे आम्हाला मनापासून दाद द्यायची आहे. पाच खंड, अडीच हजारांहून जास्त पानं. आयोगाच्या पहिल्या अध्यक्षा न्यायमूर्ती मेरी लॅफॉय यांनी शिक्षण खातं सहकार्य करत नाही अशी तक्रार करत २००३ मध्ये पद सोडलं. न्यायमूर्ती शॉन रायन यांनी काम पुरं केलं. आयोगाच्या गोपनीय समितीपुढे हजारावर स्त्री-पुरुष बोलले आणि त्यांच्या बोलण्यात दोनशेहून जास्त संस्था आल्या. आयोगाने आडपडदा ठेवला नाही. मुलग्यांच्या संस्थांमध्ये लैंगिक अत्याचार सर्रास होते, मारहाण हा व्यवस्थेचाच भाग होता आणि शिक्षण खातं संघांपुढे मान तुकवून वागत होतं, हे त्याने स्पष्ट लिहिलं. १९९९ च्या माफीत बाहेर उभं असलेलं सरकार इथे आत दिसू लागतं. सरकारी गद्यात इतका ताठ कणा क्वचित सापडतो.

पण याही ग्रंथाला एक भोक आहे. ख्रिश्चन ब्रदर्सनी कोर्टात धाव घेतली आणि अखेर आयोगाने अत्याचार करणाऱ्यांची खरी नावं न छापण्याचं ठरवलं. त्यामुळे पानोपानी टोपणनावं आहेत. मुलांचीही नावं नाहीत, पण ती त्यांच्या रक्षणासाठी. दोन्ही प्रकारचं नाव नसणं कागदावर सारखंच दिसतं, हीच अडचण आहे. ज्याने सोसलं आणि ज्याने केलं, दोघेही एकाच धुक्यात. आरोपीलाही बाजू मांडायचा हक्क आहे आणि मेलेल्या माणसाला ती मांडता येत नाही, हे आम्ही नाकारत नाही. पण दाद मागणाऱ्याला किमान एवढं हवं असतं की त्याने उच्चारलेलं नाव कुणीतरी ऐकलं आणि लिहून घेतलं.

आता धोबीखान्यांकडे वळू. मॅग्डलेन लाँड्री म्हणजे नन चालवत असलेल्या मोठ्या धुलाईच्या संस्था. तिथे मुली आणि बायका बिनपगारी राबायच्या. हॉटेलांचे, इस्पितळांचे, सरकारी खात्यांचेही कपडे तिथे धुतले जायचे. आत गेल्यावर पुष्कळ जणींचं नाव बदललं जायचं. शेवटची लाँड्री डब्लिनच्या शॉन मॅकडर्मट स्ट्रीटवर १९९६ मध्ये बंद झाली. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. तुमच्यापैकी कित्येकांचा जन्म त्याआधीचा असेल.

२००२ च्या भरपाई कायद्यात या लाँड्र्या नव्हत्या. त्या खाजगी संस्था आहेत, सरकारचा संबंध नाही, अशी भूमिका होती. गंमत बघा, गंमत कसली म्हणा. कायदा एप्रिलमध्ये झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पीटर मुलन यांच्या 'द मॅग्डलेन सिस्टर्स' या चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार, 'गोल्डन लायन', मिळाला. पडद्यावरच्या मॅग्डलेन बायकांना जगाने दाद दिली. खऱ्या बायकांना आणखी अकरा वर्षं थांबावं लागलं.

२०१३ मध्ये मार्टिन मॅकअलीस यांच्या समितीचा अहवाल आला. १९२२ पासून दहा लाँड्र्यांमध्ये दहा हजारांच्या आसपास बायका गेल्याची नोंद सापडली, आणि ज्यांना कुणी पाठवलं ते कळू शकलं त्यांच्यापैकी २६.५ टक्के सरकारी यंत्रणेमार्फत गेल्या होत्या. म्हणजे सरकारचा संबंध होता. पंतप्रधान एन्डा केनी यांनी अहवालाच्या दिवशी पुरती माफी मागायचं टाळलं. दोन आठवड्यांनी, १९ फेब्रुवारीला, मागितली आणि बोलताना त्यांचा गळा दाटून आला. १९९९ च्या माफीपेक्षा ही माफी चांगली होती, कारण तिच्यात सरकार प्रेक्षक नव्हतं.

मग भरपाईची योजना आली. या वेळी आजाराचे गुण नव्हते. किती काळ राबलात त्यावर रक्कम, साडेअकरा हजारांपासून एक लाख युरोपर्यंत. आधीच्या तक्त्यापेक्षा हे बरं, असंच आम्हालाही आधी वाटलं. पण काळ सिद्ध कशाने करायचा? नोंदवहीने. नोंदवही कुणाकडे? ज्यांनी कोंडून ठेवलं त्यांच्याकडे. आणि बाईचं नावच बदललेलं असेल तर? पुढे असं निघालं की काही जणींना योजनेतून वगळलंय, कारण कागदावर त्या लाँड्रीत नव्हत्या, त्याच आवारातल्या प्रशिक्षण केंद्रात होत्या. राबत होत्या लाँड्रीत, नाव शेजारच्या दाराच्या वहीत. देशाच्या लोकपालाने २०१७ मध्ये यावर कडक अहवाल दिला, तेव्हा कुठे दुरुस्ती झाली. आणि ज्या चार संघांनी या लाँड्र्या चालवल्या, त्यांनी योजनेत पैसे घालायला नकार दिला.

शेवटचा कागद २०२१ चा. अविवाहित गरोदर मुलींना जिथे ठेवलं जायचं त्या आई-बाळ गृहांचा हा चौकशी अहवाल. चौकशीतल्या अठरा संस्थांमध्ये सुमारे नऊ हजार मुलं दगावली, असं त्यात आहे. आकडा वाचून माणूस गप्प होतो. पण आम्हाला त्याच अहवालातली दुसरी एक जागा जास्त टोचली. साडेपाचशे लोक गोपनीय समितीपुढे बोलले. त्यांची निवेदनं वेगळ्या प्रकरणात ठेवली गेली, निष्कर्षांमध्ये त्यांना वजन मिळालं नाही. कारण देताना आयोग म्हणतो की साक्षीदार प्रामाणिक होते, पण एकमेकींच्या गाठीभेटींमुळे आणि माध्यमांतल्या बातम्यांमुळे काही साक्षी दूषित झाल्या असाव्यात.

थोडं थांबून विचार करा. पन्नास वर्षं एकट्याने लाज वागवलेली बाई तशाच दुसऱ्या बाईला भेटते. 'तुझ्याही बाळाला असंच नेलं?' असं विचारते. तिला पहिल्यांदा कळतं की हे पाप माझं नव्हतं. आणि आयोग या भेटीला म्हणतो दूषण! नननी लिहिलेली वही शुद्ध, बायकांनी एकमेकींना सांगितलेलं अशुद्ध. या साक्षींचं ध्वनिमुद्रणही पुसलं गेलं होतं. ओरड झाल्यावर ते बॅकअपमधून परत मिळालं. काही जणी कोर्टात गेल्या. 'फिलोमिना' या चित्रपटामुळे जगाला माहीत झालेल्या फिलोमिना ली त्यांच्यात होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने मान्य केलं की ज्यांची ओळख अहवालातून पटते त्यांना तो छापण्याआधी दाखवायला हवा होता, तो न दाखवल्याने त्यांचा हक्क डावलला गेला. या सगळ्या कहाणीत आम्हाला हा क्षण फार मोलाचा वाटतो, कारण इथे भांडण पैशांवरून नव्हतं. 'माझ्याबद्दल लिहिताय, तर मला वाचू द्या' एवढंच मागणं होतं.

तरीही २०२३ च्या नव्या कायद्याने पुन्हा तीच वाट धरली. बालपणी तिथे राहिलेल्यांना पैसे हवे असतील तर किमान सहा महिने तिथे काढलेले असले पाहिजेत. पाच महिन्यांच्या बाळाला आईपासून तोडलं असेल तर ते या हिशोबात बसत नाही. आणि पैसे घेताना दावा न करण्याचं लिहून देणं आहेच. भरून पावलो.

आता आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. तुम्ही व्यासपीठावरून दाद-दाद म्हणताय, पण म्हाताऱ्या, आजारी, गरीब माणसाला पैसे लागतात. खटले चालवले असते तर पुरावा नाही, मुदत संपली, आरोपी मेला या कारणांनी बहुतेकांच्या हातात काहीच पडलं नसतं. मंडळाने निदान काही दिलं, आणि बंद दाराआड दिलं म्हणून काही जण बोलू तरी शकले. हे सगळं खरं आहे. काहींना आपली गोष्ट जगजाहीर नकोच होती आणि तो त्यांचा हक्क आहे. पण म्हणूनच आम्ही म्हणतो, गप्प राहायचं की बोलायचं हे त्या माणसाने ठरवावं. पैशांच्या पाकिटात मौन सक्तीने का घालायचं? पैसे देण्यासाठी तोंड बंद करणं मुळीच गरजेचं नव्हतं. पावतीची गरज देणाऱ्याला होती, घेणाऱ्याला नव्हे.

साहित्याने ही दाद दिली का, असंही कुणी विचारेल. क्लेअर कीगन यांची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' ही छोटी कादंबरी २०२१ मध्येच आली, अहवालाच्याच वर्षी. १९८५ सालचं न्यू रॉस गाव, बिल फर्लाँग हा कोळशाचा व्यापारी, नाताळचे दिवस. कॉन्व्हेंटच्या कोळशाच्या कोठीत त्याला एक मुलगी कोंडलेली सापडते. कादंबरी विचारते ते गावाला : तुम्हाला माहीत होतं, मग तुम्ही काय केलंत? माफीनाम्यातलं ते 'सामूहिक अपयश' इथे एका माणसाच्या छातीत धडधडतं, आणि म्हणून ती आम्हाला मोठी वाटते. पण खरं सांगायचं तर तीही बघणाऱ्याची गोष्ट आहे. मुलगी त्यात फार थोडं बोलते. लेखिकेचा हा दोष नाही, तिने निवडलेली ती मर्यादा आहे. फक्त एवढंच की कादंबरी वाचून आपले डोळे भरले, म्हणजे त्या मुलीला दाद लागली असं आपण समजू नये.

मग दाद दिसते तरी कशी? दोन उदाहरणं देतो आणि थांबतो.

ट्यूम नावाचं गाव आहे, गॉलवे परगण्यात. तिथल्या आई-बाळ गृहात दगावलेल्या मुलांची नोंद कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक बाईंनी शोधायला घेतली. त्या कुठल्या विद्यापीठात नव्हत्या. मृत्यूचे दाखले त्यांनी स्वतः पैसे भरून मिळवले. १९२५ ते १९६१ या काळातली ७९६ नावं जमली, दफनाची नोंद मात्र मिळेना. पुढे चौकशीत त्या आवारातल्या सांडपाण्याच्या जुन्या बांधकामात लहान मुलांचे अवशेष सापडले. २०२५ च्या उन्हाळ्यात तिथे उत्खनन सुरू झालं. आमच्या मते, त्या बाईंची यादी या साऱ्या कागदांमधला सर्वांत चांगला कागद आहे. त्यात विशेषण नाही, टोपणनाव नाही. नाव आणि वय, नाव आणि वय. तिथे कुणी 'भरून पावलो' लिहून घेतलं नाही.

दुसरं उदाहरण जून २०१८ चं. मॅग्डलेन लाँड्र्यांमधल्या दोनशेहून जास्त बायका डब्लिनला जमल्या. कुणी इंग्लंडहून आलेल्या, कुणी अमेरिकेहून, काही तर ऑस्ट्रेलियातून. राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनी त्यांना आपल्या निवासस्थानी बोलावलं आणि माफी मागितली. मग त्या मॅन्शन हाऊसला जेवायला गेल्या. बाहेर रस्त्यावर डब्लिनची साधी माणसं दुतर्फा उभी होती आणि त्या बसमधून उतरताना टाळ्या वाजवत होती. त्या भेटीत त्यांना विचारलं गेलं, तुमची आठवण देशाने कशी जपावी? त्या बोलल्या, आणि ते लिहून घेतलं गेलं. त्याच वर्षी डब्लिनच्या नगरसेवकांनी शॉन मॅकडर्मट स्ट्रीटवरची लाँड्रीची जागा हॉटेलसाठी विकायला नकार दिला. आता तिथे राष्ट्रीय स्मृतिकेंद्र करायचं ठरलं आहे.

त्या टाळ्यांना आपण मराठीत काय म्हणणार? दादच म्हणणार. दोन्ही अर्थांनी.

ते केंद्र उभं राहील तेव्हा त्यांच्यापैकी किती जणी असतील, हा प्रश्न आहे. त्या वयस्कर आहेत, त्यांच्यातल्या पुष्कळ जणी गेल्याही. २०१९ मध्ये चौकशी आयोगाचे आणि भरपाई मंडळाचे कागद ७५ वर्षं बंद ठेवण्याचं विधेयक आलं होतं. विरोध झाला आणि ते बारगळलं. पण त्या पंधरा हजार साक्षींचं काय करायचं याचा निकाल त्या सांगणाऱ्यांना विचारून लागला पाहिजे, आणि ते जिवंत असताना लागला पाहिजे. ज्याची त्याची साक्ष ज्याच्या त्याच्या हाती द्या. त्याला हवी तर तो छापेल, नको तर चुलीत घालेल. पण ती त्याची असेल.

पुढे कधी कुठल्याही संस्थेच्या, कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही देशाच्या बाबतीत 'पीडितांना नुकसानभरपाई जाहीर' अशी बातमी आपण वाचू, तेव्हा दोन प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ या. पावतीवर काय लिहून घेतलं? आणि त्यांचं म्हणणं कुणी ऐकलं?